डिफरन्शियलमध्ये पाणी शिरलंय का? लिमिटेड स्लिपवाल्या फोर बाय फोरची पावसाळ्यातली तपासणी

जुलै लागला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: राजाराम बंधाऱ्याला पंचगंगा किती फूट? ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगा ५० फुटांच्याही वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला आणि चिखली-आंबेवाडीकडं घरांबरोबर दारातल्या गाड्याही पाण्यात गेल्या. पण डिफरन्शियलमध्ये पाणी शिरायला महापूरच यावा लागतो असं नाही. गगनबावड्याच्या वाटेवर रस्त्यावर आलेलं गुडघाभर पाणी, शेताकडं जाताना लागणारा ओढा, नाहीतर वॉशिंग सेंटरवरचा प्रेशरचा पाइप, एवढ्यावर भागतं.

इंजिनात पाणी गेलं की गाडी जागेवर बंद पडते, त्यामुळे लगेच कळतं. डिफरन्शियल मात्र मुकाट सोसतं. गाडी नीट पळते, पिकअप तसाच असतो. मग तुळशीचं लग्न वगैरे उरकल्यावर कधीतरी साठ-सत्तरच्या वेगाला मागून घुंई घुंई सुरू होते. तोवर आत बेअरिंग गंजून खडबडीत झालेली असते आणि मिस्त्री क्राऊन-पिनियनच्या (चाकांकडे जोर नेणाऱ्या मोठ्या-छोट्या गिअरच्या जोडीच्या) सेटची किंमत सांगत असतो. हे सगळं टाळायला लागते एक रात्र, दोन काचेच्या बाटल्या आणि योग्य मापाचे पाने. गाडीखाली याआधी कधीच न शिरलेल्या माणसाला समोर ठेवून पुढचं लिहितोय.

१. आपल्या गाडीत नेमकं काय बसवलंय, ते आधी बघा

मागच्या अॅक्सलच्या मधोमध जो फुगीर भाग दिसतो, त्यात डिफरन्शियल असतं, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जुळणी. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक चिखलात फिरायला लागलं की सगळा जोर तिकडेच जातो. लिमिटेड स्लिप ते अडवतं. ते अडवण्याचे प्रकार वेगवेगळे आहेत आणि तपासणीचा अर्थ लावताना हा फरक कामाला येतो.

काहींत क्लच प्लेटांची चळत असते. या प्लेटा ऑइलमध्ये भिजलेल्या असतात आणि एकमेकींवर घासून जोर वाटून देतात. पाण्याचा सगळ्यात जास्त फटका यांनाच बसतो, कारण प्लेटेवरचं घर्षणाचं अस्तर पाणी धरून ठेवतं आणि पुढे सुटायला लागतं. काहींत नुसते तिरप्या दात्यांचे गिअर असतात. त्यांना प्लेटांची भीती नाही, पण गंज आणि बेअरिंगची भीती तेवढीच. काहींत मेकॅनिकल लॉकिंग असतं, म्हणजे दोन चाकांच्या वेगात ठरावीक फरक पडला की ते आपोआप घट्ट होतं. थारच्या आणि स्कॉर्पिओ-एनच्या काही मॉडेलांत हा प्रकार येतो. गुरखाला हाताने लावायचे लॉक आहेत. काही गाड्या नुसता फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबून काम भागवतात. तिथे आत साधंच डिफरन्शियल असतं.

शोरूमवाल्याच्या तोंडी माहितीवर जाऊ नका. गाडीची पुस्तिका उघडा, मागच्या डिफरन्शियलच्या ऑइलची ओळ शोधा. तिथे ‘एलएस’ किंवा लिमिटेड स्लिपचं ऑइल लिहिलं असेल तर बहुधा प्लेटवालं आहे. ऑइलचा ग्रेड आणि किती लिटर लागतं, हे दोन्ही त्याच पानावरून वहीत उतरवून घ्या.

२. पाणी जातं कुठून

हे समजलं नाही तर पुढची सगळी मेहनत फुकट, म्हणून जरा सविस्तर.

गाडी तासभर चालली की अॅक्सलचं हाऊसिंग हात ठेवता येणार नाही इतकं तापतं. आतली हवा फुगते. ती बाहेर जावी म्हणून अॅक्सलच्या वरच्या अंगाला एक छोटं टोपण किंवा रबरी नळी असते, त्याला ब्रीदर म्हणतात. आता हेच तापलेलं हाऊसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा झटक्यात आक्रसते आणि बाहेरून ओढ लागते. ब्रीदर मोकळा असेल आणि त्याचं तोंड पाण्याच्या वर असेल तर हवा आत येते. चिखलाने बुजला असेल तर ती ओढ चाकाकडच्या नाहीतर पिनियनच्या (इंजिनाकडून येणारा शाफ्ट जिथे आत शिरतो तिथल्या) ऑइल सीलवर येते, आणि सीलच्या ओठातून पाणी आत खेचलं जातं. सील आतलं ऑइल बाहेर जाऊ नये म्हणून बनवलेलं असतं. बाहेरून आत येणाऱ्या पाण्यापुढे ते लेचंपेचं ठरतं.

इथे नवखा हमखास फसतो. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाता येतं असं असतं. तो आकडा वाचून माणूस निर्धास्त होतो. पण २५५/६५ आर १८ या मापाचं टायर धरलं तर चाकाचा मध्य जमिनीपासून जेमतेम ३९० मिलिमीटरवर येतो, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. पाणी तिथवर पोचलं की अॅक्सल बुडालाच. कंपनीने सांगितलेल्या खोलीत गाडी बंद पडणार नाही हे खरं, पण झिजलेलं सील आणि बुजलेला ब्रीदर त्या आकड्यात धरलेले नसतात. आणि बंधाऱ्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालायचा विषय इथे नाहीच. ते करू नका.

३. पाना लावण्याआधी कागद

गाडी पुरात उभी होती आणि विमा मागायचा आहे, असं असेल तर आधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊ दे, मगच उघडा. हाताशी ठेवायचे कागद: पॉलिसी, आरसी, लायसन्स, सर्व्हिसची बिलं, पाणी चाकाच्या कुठवर चढलं होतं ते दिसणारे फोटो. फोटो गाडी धुण्याआधी काढा. दारावरची चिखलाची रेघ हाच पुरावा असतो. ऑइल वगैरे खपणाऱ्या वस्तूंचे पैसे साध्या पॉलिसीत बहुधा मिळत नाहीत, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं. तुमच्याकडे ते आहे का, पॉलिसीत बघा.

गाडी वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका. सर्व्हिस सेंटरला लेखी सांगा की पाण्यातून गेली आहे, डिफरन्शियलचं ऑइल माझ्यासमोर काढून दाखवा. ‘माझ्यासमोर’ हा शब्द अर्जात असू द्या. नुसतं तोंडी सांगितलं की जॉबकार्डवर ‘चेक्ड ओके’ असा शिक्का पडून गाडी परत येते.

४. सामान

- फिलर आणि ड्रेन प्लगच्या मापाचे पाने. कुठे षटकोनी डोकं असतं, कुठे अॅलन की लागते, कुठे चौकोनी खाच असते. खाली वाकून आधी मोबाईलवर फोटो काढा आणि तो दाखवूनच पाना घ्या.
- दोन्ही प्लगचे नवे वायसर
- काचेच्या पारदर्शक बाटल्या दोन, धुऊन पूर्ण वाळवलेल्या
- ऑइल झेलायला पसरट ट्रे, पांढरं सुती फडकं, वायर ब्रश
- चाकांना लावायला लाकडी ठोकळे चार
- पुस्तिकेत सांगितलेलं नवं ऑइल. निदान एक बाटली तरी आधीच आणून ठेवा
- ऑइल भरायचा हातपंप किंवा लांब नळीची पिचकारी
- जमलं तर मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप, म्हणजे लांब वायरीच्या टोकाचा बारीक कॅमेरा. फार महाग नाही आणि इथे फार उपयोगी.

ऑइल घेताना दुकानदार ‘नाइन्टी नंबर द्यू का?’ असं विचारेल. नाइन्टी म्हणजे नुसता घट्टपणा. तुम्हाला जीएल-५ हा गिअर ऑइलचा दर्जा हवा आहे आणि पुस्तिकेत लिहिलं असेल तर एलएसही हवा आहे. गिअरबॉक्सचं जीएल-४ डिफरन्शियलला चालत नाही.

५. गाडी रात्रभर सपाट जागी उभी करा

या तपासणीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत नेमकी हीच गाळली जाते. पाणी ऑइलपेक्षा जड असतं. गाडी शांत उभी राहिली की मोकळं पाणी तळाला, ड्रेन प्लगपाशी जमतं. चालवून आणून लगेच उघडलं तर सगळं घुसळलेलं असतं आणि नुसता फेस दिसतो. तो फेस बघून ‘पाणी हाय’ म्हणणारेही भेटतात आणि ‘काय नाही, हवा आहे’ म्हणणारेही. दोघंही अंदाज करत असतात.

गाडी चारही चाकांवर, सपाट फरशीवर. उतारावर उभी असेल तर ऑइलची पातळी खोटी दिसते. पुढच्या आणि मागच्या चाकांना ठोकळे लावा. या गाड्यांखाली एवढी जागा असते की जॅक लावायची गरजच पडत नाही.

६. वरचा प्लग आधी, खालचा नंतर

डिफरन्शियलला दोन प्लग असतात: भरायचा वर, काढायचा खाली. नेहमी वरचा आधी सोडवा. तो गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालचा उघडून ऑइल काढून बसलात, तर नवं भरायला वाटच राहत नाही. मग गाडी टो करूनच उद्यमनगरातल्या गॅरेजात न्यावी लागेल.

प्लगभोवतीची माती वायर ब्रशने झाडा, पुसा, मग पाना लावा. सपाट जागी, थंड गाडीत, ऑइल भोकाच्या खालच्या कडेपर्यंत असायला पाहिजे. प्लग काढताच भळभळ बाहेर आलं तर सावध व्हा. ऑइल आपोआप वाढत नाही. मागच्या वेळी कोणी जास्त भरलं नसेल तर वाढलेला तो भाग पाणीच आहे.

उलट भोकात बोट घालून बघितलं आणि ऑइल मधासारखं स्वच्छ आलं, तरी खूश होऊ नका. पुरात नुसती उभी असलेली, चालवलीच नाही अशी गाडी असेल तर पाणी न मिसळता तळाला पडून असतं आणि वर स्वच्छ ऑइलचा थर तरंगतो. वरच्या भोकातून ‘एकदम क्लिअर आहे’ असं सांगून गाडी परत दिल्याचे प्रकार पावसाळ्यात सर्रास होतात. एंडोस्कोप असेल तर आताच आत घाला आणि क्राऊनच्या दात्यांवर, हाऊसिंगच्या वरच्या भिंतीवर तांबूस डाग दिसतात का बघा. ऑइलच्या पातळीच्या वरचा भाग आधी गंजतो.

७. खालून येणारा पहिला घोट

ट्रे लावा. एक बाटली हातात धरा. ड्रेन प्लग पूर्ण काढू नका. आटे सुटत आले की हाताने आत दाबून धरा आणि हळूहळू ढिला करा, फक्त थेंब सुटतील एवढा. पहिले दोन-तीन चमचे बाटलीत घ्या. मोकळं पाणी असेल तर ते आधी येतं: पातळ, बोटाला न चिकटणारं, कधी गढूळ, कधी गंजाने तांबूस. ऑइल मागून येतं, घट्ट धारेने. हा फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो.

मग दुसऱ्या बाटलीत मधलं ऑइल घ्या आणि उरलेलं ट्रेमध्ये जाऊ द्या. जास्त दूध घातलेल्या चहासारखा रंग दिसला तर पाणी ऑइलमध्ये पूर्ण घुसळलं गेलंय आणि गाडी तशीच बरीच चालली आहे.

८. बाटली आणि तवा

रंग स्पष्ट असेल तर ही पायरी सोडा. ‘जरा मळकट वाटतंय’ अशी शंका असेल तरच करा.

दोन्ही बाटल्या झाकण लावून दिवसभर न हलवता ठेवा. नुसती हवा मिसळलेली असेल तर अर्ध्या-एक तासात फेस उतरतो आणि ऑइल पारदर्शक होतं. पाणी असेल तर तळाला थर दिसतो, नाहीतर सगळं ऑइल धुरकट राहतं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवली तर थर लवकर सुटतो. उजेडाकडे धरून नव्या ऑइलशी ताडून बघा.

थोडं पाणी डोळ्यांना दिसत नाही, त्याला तव्याची परीक्षा. जुना लोखंडी तवा घ्या. घरातला चपातीचा घ्याल तर पुढचं तुमचं तुम्ही निस्तरा, कारण गिअर ऑइलमधल्या गंधकाचा वास सहजासहजी जात नाही. अंगणात करा, डोळ्यांवर चष्मा ठेवा. तवा तापवून विस्तव बंद करा. पाण्याचा थेंब टाकून बघा: चर्र होऊन लगेच उडाला तर तापमान ठीक, गोळा होऊन नाचत राहिला तर तवा फार तापलाय, निवू द्या. आता एका बाजूला नव्या ऑइलचा एक थेंब, दुसऱ्या बाजूला संशयिताचा. नवं ऑइल गुपचूप पसरतं. पाणी असलेला थेंब तडतडतो, बारीक बुडबुडे फुटतात. नव्या ऑइलचा थेंब शेजारी असल्याशिवाय या परीक्षेला अर्थ नाही.

९. लिमिटेड स्लिपमधले चकवे

साध्या डिफरन्शियलवर हात बसलेला मिस्त्रीही इथे चुकू शकतो, म्हणून हे वेगळं देतोय.

काळपट राखाडी ऑइल: क्लच प्लेटा घासल्या की त्यांची भुकटी ऑइलमध्ये येते. प्लेटवाल्या लिमिटेड स्लिपमध्ये ऑइल लवकर काळवंडणं नेहमीचंच. काळं ऑइल म्हणजे पाणी नव्हे. पाण्याचा रंग पांढरटाकडे जातो.

वळणावर थरथर: पार्किंगमधून पूर्ण स्टिअरिंग तोडून गाडी काढताना मागून कटकट किंवा थरथर येते. ऑइलमध्ये पाणी गेल्याने प्लेटा अडखळत सुटतात तेव्हा हे होतं. पण नुकतंच ऑइल बदललंय आणि एलएसच्या जागी साधं घातलंय, किंवा प्लेटा अडखळू नयेत म्हणून ऑइलसोबत घालायचं फ्रिक्शन मॉडिफायर राहिलंय, तरी आवाज अगदी हाच. म्हणून आवाजावरून निकाल देऊ नका, आधी ऑइल बघा. फोर व्हील लावून डांबरी रस्त्यावर वळवाल तर गाडी तशीही ओढल्यासारखी चालते. ही परीक्षा टू व्हीलवर टाकूनच करा.

प्लगचं चुंबक: बहुतेक ड्रेन प्लगला चुंबक असतं. त्यावरचा मऊ काळा लगदा नेहमीचा, फडक्याने पुसा. नखाने टोचणारा कण, चकाकणारी पापडी किंवा दात्याचा तुकडा मिळाला तर विषय पाण्याच्या पुढे गेलाय. तांबूस पूड असेल तर ती गंजाची.

टोपणाखालची साय: ब्रीदरच्या टोपणात नुसती पुसटशी पांढरी साय दिसली आणि खालचं ऑइल स्वच्छ असेल, तर ते रोजच्या लहान फेऱ्यांमुळे आत धरलेलं दव असू शकतं. राजारामपुरी ते शाहूपुरी एवढीच धाव असलेल्या गाडीचं हाऊसिंग कधी पुरतं तापतच नाही.

एक धोक्याची सूचना. एक मागचं चाक जॅकवर उचलून, इंजिन चालू करून, गिअर टाकून ‘फिरतंय का बघू’ असं कोणी म्हणालं तर हात धरा. लिमिटेड स्लिप जमिनीवरच्या चाकालाही जोर देतं आणि गाडी जॅकवरून उडी मारते. प्लेटांची पकड मोजायची रीत वेगळी आहे: गाडी न्यूट्रलला, फोर व्हील काढलेलं, पुढच्या चाकांना ठोकळे, हँडब्रेक सोडलेला, आणि उचललेलं चाक टॉर्क रेंचने फिरवून किती जोर लागतो ते पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडायचं. हे जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

१०. पाणी सापडलं, आता काय

पाणी थोडं, आवाज नाही, चुंबकावर कण नाहीत: ऑइल बदलून भागतं, पण एकदा बदलून नाही. प्लेटांच्या खाचांत आणि अॅक्सलच्या नळ्यांत जुनं दुधाळ ऑइल अडकून राहतं. त्याच दर्जाचं स्वस्तातलं ऑइल भरा, गाडी दहा-पंधरा किलोमीटर सावकाश फिरवा, गरम असतानाच काढा. स्वच्छ येईपर्यंत हेच. शेवटी चांगलं एलएस ऑइल, लागत असेल तर मॉडिफायर. मग मोकळ्या मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात दोन्ही बाजूंना सावकाश चकरा मारा, म्हणजे नवं ऑइल प्लेटांत शिरतं.

‘डिझेल टाकून धुऊ, स्वस्तात होतं’ असा सल्ला मिळेल. प्लेटवाल्या डिफरन्शियलला तो मानू नका. डिझेल प्लेटांत मुरून राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं.

घुंई सुरू झाली असेल, गंज दिसला असेल किंवा कण सापडले असतील तर उघडण्याला पर्याय नाही. प्लेटा, बेअरिंगा, दाते एकेक बघावे लागतात. इथे हुशार मिस्त्री आणि नुसता हातोडेवाला यांच्यातला फरक कळतो. पिनियन सील बदलताना नट पुन्हा किती आवळायचा याचं माप असतं. बऱ्याच गाड्यांत आत दबणारी नळी असते. जास्त आवळलं तर बेअरिंगवर ताण येऊन नवी बेअरिंगही जाते. काम देण्याआधी एवढंच विचारा: ‘पिनियनचा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवरचा आवळ, कसा धरणार?’ उत्तर ‘अंदाजानं, एवढी वर्षं करतोय’ असं आलं तर चहा पिऊन निघा.

मागच्याबरोबर पुढचं डिफरन्शियल, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या अॅक्सलला जोर वाटून देणारी पेटी) आणि गिअरबॉक्स यांचंही ऑइल याच पद्धतीने बघा. पाणी फक्त मागच्याच अॅक्सलला भेटलं असं सहसा होत नाही.

काढलेलं ऑइल गटारात ओतू नका. जयंती नाल्यातून ते सरळ पंचगंगेत जातं. गॅरेजवाले जुन्या ऑइलचे पिंप ठेवतात, कॅनमध्ये भरून तिथे द्या.

११. पाण्याची वाट बुजवा

ब्रीदर काढा, तोंडाने फुंकून बघा. फुंकर जात नसेल तर साफ करा किंवा बदला. नुसतं टोपण असेल तर त्या जागी ऑइल सोसणारी रबरी नळी लावून तिचं तोंड बॉडीत उंच, टेल लॅम्पच्या मागे किंवा इंजिनाच्या कप्प्यात वरच्या अंगाला न्या. अॅक्सल वर-खाली होतो, त्यामुळे नळीला पुरेशी ढील ठेवा आणि सायलेन्सरपासून ती लांब बांधा. टोक खाली वळवून त्यावर फिल्टर बसवा. नळी कुठे दुमडलेली राहिली तर ब्रीदर बुजल्यातच जमा.

चाकांच्या आतल्या बाजूला आणि पिनियनच्या तोंडाशी ऑइलचा ओलसर पट्टा दिसत असेल तर ते सील गेलेलं आहे, तेही याच वेळी बदला. पाण्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी थांबवून अॅक्सल निवू द्या. वॉशिंगवाल्याला ब्रीदर आणि सीलवर प्रेशर मारू नको म्हणून आधीच सांगा.

नवं ऑइल भरल्यावर पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा एक रात्र उभी करून खालचे दोन चमचे बाटलीत घ्या. स्वच्छ आले तर वायसर बदलून प्लग आवळा आणि तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड सर्व्हिसच्या वहीत लिहा. पुन्हा धुरकट आले तर वाट अजून उघडी आहे: आधी ब्रीदरची नळी, मग चाकाकडची सीलं, मग पिनियन, या क्रमाने शोधा.